पंचवीसचा बल्ब आणि नेदाअक्काचं हसू

स्तामेनचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होई. घड्याळाची गरज नव्हती. एकतीस वर्षं सूतगिरणीच्या बॉयलरवर काढलेल्या माणसाच्या अंगातच भोंगा वाजतो. चारला फावडं हातात, सहाच्या आत वाफ चढलेली, दुपारी दोनला सुटी. मधल्या वेळात चार टन कोळसा. चार टन म्हणजे किती हे ज्याला समजत नसेल त्यानं एक टन उचलून पाहावा, उरलेल्या तिनाचा अंदाज त्याला येईल.

सुटी झाली की तो घरी जाई, घमेलंभर कोमट पाण्यात हात बुडवून बसे आणि मग तासभर झोपे. बायको राइना म्हणे, "बघा, आमचे साहेब हात शेकतायत." पण त्याला कारण होतं. फावडं मारून आलेले हात दोन तास थरथरत राहतात, आणि थरथरत्या हातांनी त्याचं दुसरं काम होत नसे. दुसरं काम म्हणजे नेदाअक्काच्या गुत्त्यात बसून लोकांचे फोटो काढणं, त्यांना पत्ता लागू न देता.

हे काम कोळशाहून सोपं आहे असं आमच्या सुखोद्रेन गावात पुष्कळांना वाटे. स्तामेन वाद घालत नसे. ज्यांना वाटे त्यांनी करून पाहावं.

गुत्ता अर्धा जमिनीखाली. सहा पायऱ्या उतरून जायचं. दोन खिडक्या, त्यांतून रस्त्यानं जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसत. कोपऱ्यात एक लोखंडी शेगडी, आणि गल्ल्यावर एकच बल्ब, पंचवीस वॅटचा. नवरा वारल्यापासून नेदाअक्कानं एकोणीस वर्षं गुत्ता चालवला. एक दिवस बंद ठेवला नाही आणि एकदाही मोठा बल्ब लावला नाही.

"प्यायला उजेड कशाला?" ती म्हणे. "आपलं तोंड कुठं आहे हे ज्याचं त्याला माहीत असतं."

स्तामेन फ्लॅश वापरत नसे. फ्लॅश उडाला की माणूस पोलीस चौकीत उभा केल्यासारखा दिसतो. त्याला माणूस हवा असे तो खेळात हरत असताना, दुसऱ्याच्या ताटाकडे बघत असताना, खोटं बोलून झाल्यावर. आणि पंचवीसच्या बल्बात तसा माणूस पकडायचा म्हणजे कॅमेऱ्याचा डोळा अर्धा सेकंद उघडा ठेवावा लागतो. अर्धा सेकंद कॅमेरा हलता कामा नये आणि समोरचाही हलता कामा नये. म्हणून तो टेबलावर टोपी दुमडून ठेवी, टोपीवर कॅमेरा ठेवी, श्वास सोडी आणि थांबे. शेगडीपासून पिंपापर्यंत किती पावलं, दारापासून गल्ल्यापर्यंत किती, सगळी अंतरं त्याला पाठ होती, कारण अंधारात काचेतून नीट दिसत नाही, अंतर अंदाजानं लावावं लागतं. जुन्या रशियन कॅमेऱ्याचा खटका कुदळीसारखा वाजे, म्हणून शेजारच्या टेबलावर सोंगट्यांच्या पटावर फासे पडत तेव्हाच तो बोट दाबी. फाशांचा खडखडाट आणि खटका एकत्र. रोज एकच फोटो. फिल्म महाग होती, आणि रोज एकाहून जास्त वेळा कुणी खरं दिसत नाही असंही त्याचं मत होतं.

फोटो तो घरी न्हाणीघरात लाल दिव्याखाली धुई आणि गुत्त्यातच ज्याचे त्याला देऊन टाकी. लोक आधी शिव्या देत, मग फोटो खिशात घालत.

"हा मी आहे?" थडग्यांचे दगड घडवणारा ग्रोझ्दान एकदा म्हणाला होता. "हा तर माझा बाप दिसतोय. तोही रडीचा डाव खेळताना."

एक नेदाअक्का सोडली तर गावातला प्रत्येक चेहरा त्यानं टिपला होता. तिचेही फोटो होते, पण हसण्याचा एकही नाही. ती हसतच नसे. हसू आलंच तर ॲप्रनमध्ये तोंड खुपसून पिंपामागे जाई, आणि परत येई ती कर भरायला निघाल्यासारखी.

सप्टेंबरात द्राक्षं आली तेव्हा पैज लागली. ती नेदाअक्कानंच लावली.

"तुझ्या त्या डबीत मी हसताना कधी सापडायची नाही," ती म्हणाली.

"मोठा बल्ब लाव, आठ दिवसांत पकडतो," स्तामेन म्हणाला.

"आधी पकड, मग लावते. मला न कळता, तुझ्या त्या विजेच्या लखलखाटाशिवाय, डिसेंबरातल्या निकोलसच्या सणापर्यंत. पकडलंस तर साठचा बल्ब, माझ्या खर्चानं. नाही पकडलंस तर कॅमेरा इथं," तिनं गल्ल्यामागच्या खिळ्याकडे बोट दाखवलं, "नवऱ्याच्या टोपीशेजारी. कायमचा."

ग्रोझ्दान साक्षीदार. साक्षीदाराचं काम म्हणून त्यानं दोन पेले फुकट मागितले आणि एक मिळवला.

घरी स्तामेननं हे सांगितलं तेव्हा राइना भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"कॅमेरा गेला तर तू संध्याकाळचा घरी बसणार?"

"बसावं लागेल."

"मग जिंक बाबा," ती म्हणाली.

ऑक्टोबर गेला. हसू अर्धा सेकंद टिकत नाही, ही अडचण होती. टिकलं तर ते हसू नसतं, दात दाखवणं असतं. थोडासाही उजेड खेचून घेणारं कॅमेऱ्याचं भिंग प्लॉवदिव शहरातल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात होतं, काचेमागे. ते असतं तर गोष्ट वेगळी. तीन हिवाळे स्तामेन दर पगारातून त्यासाठी थोडे लेव्ह बाजूला काढत होता, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. डबा जवळजवळ भरला होता, पण निकोलसच्या सणाआधी पुरा भरायचा नव्हता. म्हणून त्यानं हसवण्यावर जोर दिला. ग्रोझ्दानला शिकवून गोष्टी सांगायला लावल्या. स्वतःची टोपी शेगडीवर विसरून जळू दिली. नेदाअक्कानं टोपी चिमट्यानं उचलली, पाण्यात टाकली आणि पाण्याचे पैसे मागितले.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी तो लवकर आला. गुत्ता रिकामा होता. नेदाअक्का गल्ल्याशी, हातावर गाल टेकून, डोळे मिटून झोपली होती. तोंड मिटलेलं, कपाळ सैल, त्या चेहऱ्याला एकोणीस वर्षांत प्रथमच कुणाला काही द्यायचं नव्हतं. झोपलेलं माणूस अर्धा सेकंद काय, तासभर हलत नाही. त्यानं काढला. छत्तीस फोटोंच्या फिल्मचा पस्तिसावा फोटो. मग पाऊल न वाजवता निघून गेला आणि रात्रीच तेवढं टोक कापून धुतलं. एक फोटो उरला, तो कॅमेऱ्यात राहिला.

फोटो छान आला होता. तो पाहताना स्तामेनच्या डोक्यात खोडी आली. सकाळी नऊला अक्का दार उघडायला बाहेर येईल. दारावर तिला तीच दिसेल, घोरताना. यावर जर ती हसली नाही तर कशावरच हसणार नाही. तो कामावर असला म्हणून काय झालं, एकदा हसली की तिला हसायची सवय लागेल, पुढचं पुढं.

गुरुवारी पहाटे कामावर जाता जाता त्यानं फोटो गुत्त्याच्या दारावर लावला. खिळे लावले तर आवाज होईल, म्हणून खिशातली चिकटपट्टी वापरली. बॉयलरवरच्या माणसाच्या खिशात एकच चिकटपट्टी असते, वायरींना गुंडाळायची, काळी. वारा सुटला होता म्हणून त्यानं फक्त कोपऱ्यांवर न लावता चारही कडांनी नीट लावली. काम करायचं तर नीट करायचं, ही त्याची सवय.

दारावर काळ्या चौकटीतला फोटो म्हणजे काय, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही सांगावं लागत नाही. खांबांवर, झाडांवर, बसथांब्यावर, मेलेल्या माणसाच्या दारावर वर्षानुवर्षं आम्ही तेच चिकटवत आलो. स्तामेनलाही ते माहीत होतं. पण पहाटे पावणेचारला, काळोखात, खोडीच्या नादात त्याला पट्टीचा रंग दिसलाच नाही.

दुपारी दोनला तो गिरणीच्या फाटकातून निघाला तेव्हा पहारेकऱ्यानं टोपी काढली.

"नेदा गेली," तो म्हणाला.

"कुठं?"

"कुठं म्हणजे? गेली. दारावर लागलंय."

स्तामेन तिथंच उभा राहिला. काल गाल टेकून झोपलेली बाई डोळ्यांसमोर आली. तिचा शेवटचा फोटो आपण काढला, आणि आज त्याच दारावर मरणाच्या कागदाशेजारी आपली खोडी लटकत असेल, हा विचार त्याला आला. तो घरी धावतच गेला.

राइनानं काळा रुमाल बांधला होता. टेबलावर शेवंतीची सहा फुलं. मेलेल्याला सम, जित्याला विषम, यात आमच्या बायका चुकत नाहीत.

"हात धू आणि चल," ती म्हणाली. "आणि एक सांगू? मी तुला एरवी नावं ठेवते, पण आज गावभर तुझंच कौतुक चाललंय. सगळ्यांच्या आधी फोटो लावलास म्हणून. तुला पहाटेच कळलं होतं तर मला का उठवलं नाहीस?"

स्तामेन खुर्चीवर बसला.

"दारावर दुसरा कागद नाही? छापलेला?"

"तुझाच एक आहे. अक्काची शेजारीण पेना म्हणाली, मजकूर छापून यायचा असेल. डोळे मिटलेला फोटो बघून बायका काय रडल्या म्हणून सांगू."

"राइना, ती मेली हे कुणी पाहिलं?"

"गुत्ता बंद आहे. एकोणीस वर्षांत प्रथमच. आणि पेनानं तिला सकाळच्या पहिल्या बसमध्ये चढताना पाहिलं, मागल्या दारानं निघाली, तोंडावर फडकं धरून. शहरात पोचेपर्यंतच..." राइना थांबली. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "स्तामेन. काय केलंस?"

त्यानं सांगितलं. राइनानं ऐकून घेतलं. मग तिनं फुलं उचलून त्याच्या हातात दिली.

"जा. तूच सांग सगळ्यांना."

"आणि ती खरंच मेली असली तर?"

"तर फुलं आहेतच."

गुत्त्याचं दार उघडं होतं. शेजारीण पेनाला किल्ली कुंडीखाली असते हे माहीत होतं. बसथांब्यावरून आलेल्या बातमीची मालकीण म्हणून आज घरच्यासारखी तीच सगळं बघत होती. फोटो दारावरून काढून गल्ल्यावर ठेवला होता, भोवती फुलं. शेजारी मेलेल्याच्या नावानं वाटायचे, साखर घातलेले पातेलंभर उकडलेले गहू आणि मोठी गोल पावरोटी. मधल्या टेबलावर वाळूनं भरलेला पत्र्याचा ट्रे आणि त्यात मेणबत्त्या. स्तामेननं मोजल्या नाहीत, पण डोळ्यांनी आपोआप मोजल्या. चौतीस.

तो पायऱ्यांवरच थबकला. त्या खोलीत इतका उजेड त्यानं कधी पाहिला नव्हता. गालांवर, पेल्यांवर, ग्रोझ्दानच्या दगडाची धूळ बसलेल्या भुवयांवर तो उजेड हलत होता. अर्ध्या सेकंदाचं काम आता सेकंदाच्या पंधराव्या भागात होईल, असं त्याच्या डोक्यात आलं, आणि लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. हात मात्र कोटाच्या आतल्या कॅमेऱ्याकडे गेलाच.

"आला बघा," पेना म्हणाली. "ये बाबा. माणुसकी शिकावी तर तुझ्याकडून."

"पेना, तो फोटो मी..."

"माहीत आहे. बस. रडू आलं तर रड."

"रडायचं नाही मला. मी काय म्हणतो, तो फोटो मी लावला तेव्हा..."

"तिच्यावर फार जीव होता त्याचा," पेनानं बाकीच्यांना सांगितलं. बाकीच्यांनी माना हलवल्या. ग्रोझ्दाननं त्याच्यासमोर द्राक्षाच्या दारूचा, रकियाचा पेला सरकवला आणि खांद्यावर हात ठेवला. तो हात दगड फोडणारा, त्याच्याखाली माणूस बसतोच. स्तामेन बसला. पुढ्यात पावरोटी, तिच्यापलीकडे मेणबत्त्या.

"देव तिला क्षमा करो," ग्रोझ्दान म्हणाला, आणि पेल्यातला थेंब जमिनीवर सांडला. सगळ्यांनी सांडला. पहिल्या पेल्याला अक्का संत होती. दुसऱ्याला कष्टाळू होती. तिसऱ्या पेल्याला, बाहेर अंधारू लागलं तेव्हा, माणसं मूळपदावर आली.

"रकियात पाणी घालायची," ग्रोझ्दान म्हणाला. "मी तक्रार करत नाही. पण घालायची."

"पाणी माझ्याही देखत घातलंय," पेना म्हणाली. "आणि ते कोबीचं लोणचं. सगळे बोटं चाटायचे. तिचं नव्हतंच ते. शहरातून बरणी आणायची."

"लोणचं तिचंच होतं," स्वयंपाकघराच्या दाराकडून कुणीतरी म्हणालं.

"तुम्हाला काय ठाऊक?" पेनानं मागं न बघता विचारलं. "मी शेजारीण. वीस वर्षं भिंतीला भिंत."

"भिंतीला कान लावून लोणचं कळत नाही."

"ऐका आता."

मेणबत्त्यांच्या उजेडात बसलेल्याला उजेडाबाहेरचं काही दिसत नाही. पिंपाशेजारी एक बाई काळा रुमाल बांधून स्टुलावर बसली होती, आणि गावात काळा रुमाल न बांधणाऱ्या म्हाताऱ्या चारच. कुणी मान वळवली नाही. पण स्तामेनचे डोळे अंधारात कमावलेले. बाईच्या मांडीवर प्रवासाची पिशवी होती आणि हनुवटी वर केलेली, कर भरायला निघाल्यासारखी.

त्याच्या छातीतून सकाळपासूनचा सगळा कोळसा उतरला. ती त्याच्याकडे बघत होती. गल्ल्यावरचा फोटो, फुलं, गहू, सगळं तिनं आत येतानाच पाहिलेलं दिसत होतं. तिनं हळूच एक बोट ओठांवर ठेवलं.

खरं तर तिथंच उठून सांगायचं. पण मेल्यावर आपल्याबद्दल काय बोलतात हे ऐकायची संधी कुणाला मिळते, आणि ती हिरावून घेणारा तो कोण? शिवाय कॅमेऱ्यात एक फोटो होता आणि खोलीत चौतीस मेणबत्त्या. त्यानं कोट उघडला. हात पाहिले. थरथरत होते. आज घमेलं नाही, झोप नाही, चार टन कोळसा जशाचा तसा बोटांत. टोपी दुमडून ठेवावी तर नवी टोपी घाईत घरीच राहिली होती. समोर देवाच्या नावाची पावरोटी होती. त्यानं मनात क्षमा मागितली, कॅमेरा रोटीवर ठेवला आणि थोडा दाबला. रोटी दाट होती. कॅमेरा बसला, बोट मोकळं राहिलं. पिंप साडेतीन पावलं. मेणबत्त्यांचा ट्रे दोन. त्यानं अंतर दोनावर लावलं. अंधारातली अक्का काही कामाची नाही. ती उजेडात आली पाहिजे.

ग्रोझ्दान उभा राहिला. चौथा पेला त्याच्या हातात होता.

"मी देव मानत नाही," तो म्हणाला. "पंचेचाळीस वर्षं थडगी घडवतोय, एकही जण परत आलेला पाहिला नाही. गेला तो गेला. नेदा कडू बाई होती. पण तिच्या नवऱ्याच्या दगडावर मी तिच्या फोटोसाठी लंबगोल जागा सोडली तेव्हा नेहमीपेक्षा मोठी सोडली. अकरा बाय पंधरा सेंटिमीटर. का, ते मला विचारू नका. आज ती इथं असती तर..." आणि त्यानं थेंब सांडला. थेंब कसला, अर्धा पेला.

"ग्रोझ्दान," अंधारातून आवाज आला, "फरशी मी आज पहाटेच पुसलीय."

पेनाच्या हातातला चमचा गव्हात पडला. नेदाअक्का उठली, सवयीनं खुंटीवरचं फडकं घेतलं, मेणबत्त्यांपाशी आली आणि पुसायला वाकली.

टेबलाखाली ग्रोझ्दान होता. तो केव्हा तिथं गेला हे कुणी पाहिलं नव्हतं. पंचेचाळीस वर्षं देव न मानणारा तो धिप्पाड माणूस गुडघ्यांवर बसून उजव्या हातानं भराभर क्रूस काढत होता. डाव्या हातात पेला होता. पेला सरळ होता. उरलेली रकिया थेंबभर सांडली नव्हती.

नेदाअक्कानं त्याच्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, आणि ती हसली. ॲप्रन नव्हता, लपायला पिंप लांब होतं. ती डोकं मागं टाकून हसली आणि खालून चौतीस मेणबत्त्यांचा उजेड तिच्या तोंडावर पडला. तिच्या तोंडात वरचे सगळे दात होते, पांढरे, नवेकोरे.

खटका वाजला. आज फासे नव्हते. तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

"स्तामेन," ती डोळे पुसत म्हणाली, "ऐकला मी तो आवाज."

"ऐकलास म्हणजे जिवंत आहेस, अक्का."

त्यानंतर अर्धा तास कुणाचं कुणाला ऐकू आलं नाही. पेना रडली, मग चिडली, मग पुन्हा रडली. ग्रोझ्दानला टेबलाखालून काढायला दोघं लागले. तो बाहेर आला तेव्हा म्हणाला, पेला पडला होता म्हणून वाकलो. पेला अजून त्याच्या हातातच होता. फुलं परत न्यायची की नाहीत यावर वाद झाला. शेवटी नेदाअक्कानं प्रत्येक गुच्छातलं एक फूल काढून शेगडीत टाकलं आणि बाकीची बरणीत ठेवली. गहू सगळ्यांनी खाल्ले. स्तामेननं चिकटपट्टीची हकीकत सांगितली. या वेळी सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली, आणि त्याच्या माणुसकीबद्दल पुन्हा कुणी काही बोललं नाही.

पण फोटो आला की नाही हे अजून ठरायचं होतं. शनिवारी स्तामेन न्हाणीघरात शिरला. बाहेर राइना दाराला पाठ लावून उभी राहिली, कुणी उघडू नये म्हणून. दोन तासांनी तिनं विचारलं, "साठचा की खिळा?"

"थांब."

"माझे पाय दुखतायत."

"माझे दुखत नाहीत होय?"

कागदावर आधी मेणबत्त्या उगवल्या, मग फडकं धरलेला हात. हात थोडा पुसट होता, रोटी शेवटच्या क्षणी दबली होती. मग तोंड आलं. तोंड लख्ख होतं. एकेक दात मोजता येत होता.

रविवारी तो गुत्त्यात गेला. नेदाअक्कानं फोटो बल्बखाली धरला, जवळ नेला, लांब नेला.

"दात बरे बसवलेत," ती म्हणाली.

"म्हणून शहरात गेली होतीस?"

"मग काय नाचायला? पुढचे तीन नवरा होता तेव्हाच गेले होते. एकोणीस वर्षं ॲप्रनमध्ये हसले मी." तिनं फोटो खाली ठेवला. "पैज मी का लावली असं तुला वाटतं? दगडावर जागा रिकामी आहे. तिथं फोटो बसणार तो मेल्यावर दुसऱ्यांनी निवडलेला, ओळखपत्रावरचा, तुरुंगातून सुटल्यासारखा. मला हरायचंच होतं. पण दात घालून. डॉक्टरनं दोनदा तारीख पुढं ढकलली, नाहीतर ऑक्टोबरातच हरले असते."

स्तामेननं फोटो पुन्हा हातात घेतला. तीन महिने त्यानं टोपी जाळण्यापर्यंत मजल मारली होती.

"म्हणजे मी जिंकलो."

"जिंकलास."

साठचा बल्ब तिनं त्याच दिवशी स्वतः लावला, खुर्चीवर चढून. सगळ्यांनी वर पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं. भिंतींवर काजळी होती. पेल्यांवर बोटांचे ठसे होते. ग्रोझ्दाननं आपला पेला उजेडात धरला आणि आरपार बघत राहिला. सोंगट्या खेळणारे दोघे ताठ बसले, साहेबासमोर बसावं तसे. स्तामेननं टोपीवर कॅमेरा ठेवला तर चारही टेबलांवरून माणसं त्याच्याकडे बघून केस सारखे करू लागली. तीन दिवस त्यानं सहन केलं. चौथ्या दिवशी तो स्वतः खुर्चीवर चढला, साठचा काढला आणि पंचवीसचा लावला. कुणी तक्रार केली नाही. सगळ्यात मोठा सुस्कारा ग्रोझ्दाननं सोडला.

"आता दुसरं," नेदाअक्का म्हणाली. "पैज तू जिंकलास ते झालं. पण तुझ्यामुळं मी एक दिवस मेले, त्याची भरपाई?"

"बल्ब परत केला ना."

"बल्ब मरणाएवढा नसतो."

ग्रोझ्दाननं घसा खाकरला. शहरात एक भट्टीवाला आहे, तो म्हणाला. फोटो चिनीमातीच्या तबकडीवर भाजून पक्का करतो. ऊन नाही, पाऊस नाही, शंभर वर्षं तसाच. अकरा बाय पंधराची किंमत त्याला ठाऊक होती. ती त्यानं सांगितली.

स्तामेननं राइनाकडे पाहिलं. राइना त्या दिवशी पहिल्यांदाच गुत्त्यात आली होती, साठचा बल्ब बघायला, आणि तो विझल्यावरही बसून राहिली होती.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "चिकटपट्टी मी लावली?"

बिस्किटांचा डबा घरून आला. प्लॉवदिवचं भिंग काचेमागंच राहिलं. पुढं ते कुणी नेलं ते स्तामेनला कळलं नाही, त्यानंही विचारलं नाही. पंचवीसच्या बल्बाला अर्धा सेकंद लागतो, तो त्याला माहीत होता. उरलेल्या आयुष्याला तेवढं पुरेसं होतं.

वसंतात, मृतांच्या शनिवारी, सगळं गाव दफनभूमीत जातं तेव्हा नेदाअक्काही गेली. नवऱ्याच्या दगडाला तिनं मेणबत्ती लावली, त्याचा तिरसट चेहरा फडक्यानं पुसला, मग शेजारचा आपला पुसला. खाली तिचं नाव, जन्माचं साल, एक लहानशी आडवी रेघ आणि पुढं कोरा दगड. बाया थांबत, क्रूस काढत, आणि हात छातीपर्यंत येईतो हसू लागत.

तीन हिवाळ्यांची बचत, रोजचा चार टन कोळसा, तिथं लंबगोलात बसलाय. अकरा बाय पंधरा. वरचे सगळे दात दिसतात.